राजाच्या खुनाची मिसल

पुराण्या वस्तूंच्या दफ्तरात दगड कमी आणि किस्से जास्त साठतात. दगडांना निदान नंबर तरी असतो! किस्से असेच एकावर एक पडून राहतात. त्यातले खरे किती आणि मी घातलेले किती, हे आता मलाही सांगता येत नाही.

निजामाच्या राज्यात औरंगाबादेत आमचं छोटंसं दफ्तर होतं. मी कारकून. आमचे मोहतमीम साहेब, म्हणजे दफ्तराचे मुख्य, आधी अदालतीत होते. लासूर स्टेशनजवळच्या एका पांढरीत, जुन्या उजाड गावाच्या टेकाडात, ताम्रपट सापडला. त्यात लिहिलेलं, इथल्या राजाला त्याच्याच महालात मारलं. झालं! साहेबांनी थेट खुनाची मिसल, म्हणजे खटल्याची फाईल, उघडली. छापील फॉर्मसकट!

मयताचं नाव? ताम्रपटावर नेमकं तेच खरवडलेलं. पेशा? "बादशाही लिहा." मुजरिम? मी विचारलं, "साहेब, किती शतकं झाली?"

"तर काय झालं? फरार लिहा!"

* * *

मग पंचनामा. पांढरीवर गावातले पाच पंच उभे केले. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या पाटलांना साहेबांनी विचारलं, "खुनाबद्दल काय माहिती?"

"म्या नाय पाहिलं. आमच्या आज्यानं बी नाय पाहिलं."

"मग?"

"पर आमच्या गावात जेवणाऱ्याच्या पाठीमागून कोनी वाढत नाय. समोरूनच. पाठीशी कोनी उभं ऱ्हायलं, की जेवणारा ताटावरून उठतो."

"का?"

"आता ते तुमी शोधा की! त्यासाठीच आलाव नव्हं?"

साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं. दुपारी गावकऱ्यांनी आम्हाला जेवू घातलं. मी गंमत म्हणून साहेबांच्या पाठीमागून चटणी वाढायला गेलो, तर अख्खी पंगत उभी राहिली. पोरंसुद्धा.

* * *

आमचे पंडितजी जुनी लिपी वाचायचे. तीन वर्षं कच्च्या नोकरीवर. साहेबांनी सांगून टाकलं, "ईदच्या आत खुनी कोण ते सांगा. रिपोर्ट हैदराबादला, तुम्ही पक्के. नाही तर दुसरा पंडित बघतो."

पंडितजी महिनाभर राबले. ताम्रपट म्हणतो, राजाला विडा देणाऱ्या नोकरानं मारलं. गावातला वीरगळ, मेलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, बघावा, तर राजाच्या पाठीमागे सुरा घेऊन उभा असलेल्याच्या डोक्यावर मुकुट. म्हणजे राणीचा भाऊ. आणि बायका जात्यावर गातात, त्यात वैद्यानं विष घातलं!

"तीन गवाह आणि तीन मुजरिम?" साहेब भडकले. "एक निवडा!"

"साहेब, ताम्रपट राणीच्या भावानंच कोरून घेतलाय. तोच पुढं गादीवर बसला."

"सरकारी कागद आहे ना? मग खरा!"

* * *

वीरगळाचा ठसा घ्यायला मी आणि आमचे चपराशी उस्मानभाई गेलो. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं ठोकायचा, वरून शाई थोपटायची. राजा उमटला. सुरा उमटला. मुकुट उमटला. मारणाऱ्याचा चेहरा मात्र कोरा!

झिजला असेल म्हणून मी बोट फिरवलं. नाक लागलं. डोळे लागले. ओठ तर चांगले टोकदार. परत कागद लावला, परत कोरा. तिसऱ्यांदाही तेच.

उस्मानभाईंनी शाईचा डबा बंद केला. "चला अण्णा. त्याला छापून घ्यायचं नाय."

* * *

शेवटी पंडितजींनी विडेवाल्याचं नाव घातलं. मला म्हणाले, "अण्णा, मुकुटवाल्याचे वंशज असतील, वैद्याचे असतील. याच्यामागं विचारायला कोणी नाही. म्हणून लिहिता आलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी त्यांच्या टेबलावर एक ताजा विडा. लवंग टोचलेला. पंडितजी पांढरेफटक! कुणाला विचारायचीही हिंमत होईना. आठवड्याभरात माणूस भिंतीला पाठ लावून बसायला लागला.

आता कबूल करतो, विडा मी ठेवत होतो. पहिले दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून अजिंठ्याला बहिणीकडं गेलो, तो सहा दिवसांनी आलो!

* * *

रिपोर्ट जायच्या दिवशी साहेबांना आठवलं, समन्स काढल्याशिवाय मुजरिमाला फरार म्हणता येत नाही. आणि चौकशी तिघांवर होती, म्हणजे समन्सही तीन! उस्मानभाई जाऊन वीरगळावर चिकटवून आले. तारखेला सकाळी अकराला आम्ही सगळे हजर. बाहेर लख्ख ऊन. टेबलावर एकीकडं रिपोर्ट, दुसरीकडं पंडितजींच्या पक्क्या नोकरीचा हुकूम. फक्त साहेबांची सही बाकी.

उस्मानभाईंनी दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यातून रीतीप्रमाणं तिघांच्या नावानं तीन-तीन हाका दिल्या. साहेबांनी दौतीत टाक बुडवला. "लिहा, गैरहाजर."

उस्मानभाई आत आले. दार पाठीनं लावून तिथंच टेकले.

"साब, समन्स तिघांनाच गेले ना?"

"हां. का?"

"बाहेर चार बसलेत."

कुणी हसलं नाही. उस्मानभाईंनी उभ्या जन्मात थट्टा केली नव्हती. ते खातं माझं!

"चौथा कोण?" साहेबांनी टाक खाली ठेवला.

"नाव नाय सांगत, ते खरवडलंय म्हणतो. म्हणतो, पंडितजींनी जे नाव लिहिलंय ते आधी खोडा. मग या तिघांना जाऊ द्या."

पंडितजींनी एकदा त्या हुकमाकडं पाहिलं. मग रिपोर्ट ओढला, विडेवाल्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'खुनी कोण, हे या पुराव्यावरून सांगता येत नाही.' साहेबांनी हुकूम सहीशिवाय उचलला आणि खणात टाकला.

उस्मानभाईंनी दार बोटभर उघडून बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तिघं गेले, साब."