कानशीने केलेली खाच

चाचांचा हात माझ्या चुकीने मोडला. त्यांनी हँडल चुकीचं धरलं होतं, असं सोलापूरच्या लॉरी स्टँडवरचा प्रत्येक माणूस सात वर्षं समजत होता, आणि मी तसं समजू दिलं.

तेव्हा मी शुक्रवार पेठेजवळच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्री होतो. चाचा एका शेंगांच्या व्यापाऱ्याची लॉरी चालवत. सोलापूरहून मोडनिंब, तिथून अकलूज आणि परत. वयाने ते माझ्या वडिलांएवढे, तरी मला 'मिस्त्री' म्हणून मानाने हाक मारत.

त्या काळी लॉरी पुढून हँडल फिरवून चालू करावी लागे. स्टिअरिंगखाली एक लहान दांडी असे. ती सरकवली की इंजिनातली ठिणगी लवकर किंवा उशिरा पडे. चालू करताना ठिणगी उशिरा पडायला हवी. लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल माणसाच्या हातावर येतं. म्हणून हँडल धरताना अंगठा पलीकडून वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. हे मला चाचांनीच शिकवलं होतं. स्टँडवर नवा ड्रायव्हर आला की ते आधी त्याची मूठ बघत आणि म्हणत, "अंगठा घरी ठेवून या. हितं चार बोटांचं काम हाय."

त्यांची लॉरी जुनी होती. दांडी अगदी उशिराच्या टोकाला ठेवली तर इंजिन चालूच होत नसे, थोडी पुढे आणावी लागे. नेमकी किती, हे पहाटेच्या अंधारात त्यांना दिसेना. म्हणून मी दांडीशेजारच्या पट्टीवर कानशीने एक खाच पाडून दिली. चाचा नख लावून ती खाच शोधत, दांडी तिथे आणत आणि पुढे जाऊन हँडल मारत. वर्षानुवर्षं त्यांचा हात त्या खाचेवर बसला होता.

पुढे व्यापाऱ्याला लॉरीत जास्त पोती घालायची होती. त्याने इंजिनाची ताकद वाढवायला मुंबईहून नवे पिस्टन, नवं हेड आणि नवा मॅग्नेटो मागवला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र. मी तीन दिवस खपून सगळं बसवलं. इतके भाग बदलले की जुनं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, उपयोगाचं राहत नाही, ते नव्याने लावावं लागतं. ते मी लावलं. इंजिनाला ओढ यावी म्हणून ठिणगी बरीच लवकर ठेवली. लॉरी होटगीच्या रस्त्यावर फिरवून आणली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पण मी प्रत्येक वेळी इंजिन चालू केलं ते दांडी उशिराच्या टोकाला ठेवून. आता तीच बरोबर जागा होती. जुन्या खाचेवर आणली असती तर इंजिनाने इतका जोराचा उलटा झटका दिला असता की अंगठा बरोबर ठेवूनही हात वाचला नसता. संध्याकाळी रॉकेलने हात धुताना मला खाचेची आठवण झाली. उद्या घासून टाकू, चाचांनाही सांगू, असं मनाशी म्हटलं आणि घरी गेलो.

सकाळी मी कारखान्याच्या दारात चहा पीत होतो. चाचा आले, लॉरीवरून हात फिरवला, वर चढले, उतरले, पुढे गेले आणि अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून हँडल धरलं. मला हाक मारायला वेळ होता. माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मग आवाज आला आणि चाचा खाली बसलेले दिसले. मनगटाच्या वर हात वाकला होता.

माणसं जमली. कारखान्याचे मालक म्हणाले, "अंगठा वळवला असंल. वय झालं की." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिन मी बांधलं होतं.

मी म्हणालो, "असेल."

चाचांना टांग्यातून नेलं. टांगा वळणाआड गेल्यावर मी लॉरीत चढलो आणि कानशीने ती खाच घासून सपाट केली.

हाड वाकडं जुळलं. त्या हाताने हँडल फिरेना, आणि हँडल न फिरवणाऱ्याला लॉरी कोण देणार? चाचा स्टँडवर पोत्यांची राखण करू लागले. ड्रायव्हर त्यांना विचारत, "चाचा, अंगठा कुटं ठिवलाय?" चाचा पोती मोजत राहत. मी तिथेच बाकावर बसून चहा पीत असे.

सात वर्षांनी एका सकाळी एक नवा ड्रायव्हर अंगठा वळवून हँडल धरताना मी पाहिला. चाचाही पाहत होते. ते उठले आणि त्याला काही सांगू लागले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "बघा, कोण शिकवतंय." सगळे हसले. चाचा परत पोत्यांवर जाऊन बसले.

त्या दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "खाच घासली ती तुमीच?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "हात बरा झाल्यावर म्या लॉरीत चढून बगितलं होतं. नख लावलं, तर पट्टी गुळगुळीत. तवाच समजलो."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. "मोडल्या हाताच्या माणसाचं कोण ऐकतंय?" ते म्हणाले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी चांगला हात वर करून मला थांबवलं. "मला नगा सांगू, मिस्त्री. मला ठावं हाय. स्टँडवर सांगा."

ती रात्र मी काही ना काही सबबी शोधण्यात घालवली, हेही लिहून ठेवतो. सकाळी लॉऱ्या भरत होत्या, आठदहा ड्रायव्हर चहाला थांबले होते. चाचा पोत्यांपाशी होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"चाचांनी अंगठा बरोबर ठेवला होता. इंजिनाचं टायमिंग मी बदललं आणि त्यांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्या खाचेवर विश्वास ठेवला. नंतर ती खाच मीच घासली. चाचा, तुमचा हात मी मोडला, आणि वर तुमचं नाव घालवलं. मला माफ करा."