फ्रॉकवरच्या पट्ट्या

कुवेतची लढाई तोंडावर आली तेव्हा सौदीतल्या दम्माममधल्या आम्हा कोकणी बायकांना दोनच कामं उरली होती: खिडक्यांच्या काचांना चिकटपट्टी लावायची आणि पोरांना गावी धाडायचं. मीही ठरवलं. सहा वर्षांच्या लेकीला शेजारणीबरोबर दापोलीला सासूबाईंकडे पाठवायचं, आपण नवऱ्यापाशी राहायचं. केवढी शहाणी! सव्वीस वर्षांची होते, अक्कलदाढ यायची होती आणि अक्कलही.

अडचण एकच. तेव्हा लहान मुलांची नावं आईच्याच पासपोर्टवर असत. लेकीला एकटीला पाठवायचं तर माझ्या पासपोर्टातून तिचं नाव कमी करून तिचा वेगळा काढायला हवा. ह्यांनी फॉर्म भरून ठेवला. खाली माझी सही तेवढी राहिली होती.

त्या दुपारी मी तिच्या फ्रॉकांवर नावाच्या पट्ट्या शिवत बसले. सोबतीला व्हिडिओ लावला. ह्यांच्या ऑस्ट्रेलियन साहेबानं मायदेशी जाताना कॅसेटी वाटल्या होत्या, त्यातली एक. बघते तर तिथल्या मूळच्या लोकांची गोष्ट. सरकारी पोलीस गाडी घेऊन येतात, आयांच्या कडेवरची पोरं ओढून नेतात, लांबच्या आश्रमात ठेवतात, घरची बोलीसुद्धा बोलू देत नाहीत. एक आई त्या गाडीमागे धावत सुटली होती.

"मी असते ना, तर त्या पोलिसाच्या हातालाच चावले असते!" मी म्हणाले, आणि दातानं दोरा तोडून पुढची पट्टी घेतली.

लेक माझ्या मांडीला टेकून बघत होती. म्हणाली, "अम्मी, मेरे फ्रॉक पे नाम क्यूँ? दादी को मेरा नाम मालूम नहीं क्या?"

सुई बोटात गेली. त्या बाईकडून पोर हिसकावून नेलं होतं. माझ्या दारात तर कुणीच आलं नव्हतं. मीच बसले होते, बॅग उघडी टाकून.

संध्याकाळी हे आले तेव्हा फॉर्मचा लगदा झाला होता.

"हे काय?"

"दूध सांडलं."

"एवढं? पेलाभर?"

"दोन पेले."

हे खाली बसले. लेकीच्या केसांतून हात फिरवत हळूच म्हणाले, "आणि इथं काही झालं तर?"

"तर तिघं निघू. तोवर तिघं राहू."

"वेडी आहेस. उद्या दुसरा फॉर्म आणतो."

"आणा की," मी म्हणाले. "दूध आहे घरात."