परत न द्यायचे डबे

लहानपणी दिवाळीत मला फटाक्यांपेक्षा ताटांची भीती वाटायची. मम्मी स्टीलच्या ताटात लाडू, चकल्या, चिवडा, शंकरपाळे आणि करंज्या मांडायची, वर क्रोशाचा रुमाल टाकायची आणि ते ताट माझ्या हातात देऊन मला गल्लीत पाठवायची. देऊन लगेच पळून येता येत नसे. ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हा सगळ्या घरांचा नियम. समोरच्या काकू "थांब गं" म्हणत आत जायच्या, आमचा फराळ काढून घ्यायच्या, त्यांचा ताटात भरायच्या, आणि तेवढा वेळ मी दारात उभी. घरातले सगळे माझ्याकडे बघत असायचे.

"बोलत न्हाई का गं तू? का इंग्लिशमदीच बोलती?" एखादे काका विचारायचे. "एक पोयम तरी म्हण."

मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायची.

कुणाचा फराळ अजून झालेला नसला की त्या घरातल्या बाई म्हणायच्या, "ताट राहू दे, मीच आणून देते." ते मात्र मम्मीला फार आवडायचं. त्या बाई दोन दिवसांनी भरलेलं ताट घेऊन यायच्या आणि चहा घेऊन, गप्पा मारून, तास-दीड तासाने उठायच्या. आमच्या गल्लीत, अंबड चौफुलीच्या अलीकडे, बायका काम असल्याशिवाय एकमेकींच्या घरी जात नाहीत. ताट परत द्यायला आले, एवढं काम पुरायचं.

हे सगळं मला नीट कळलं ते अलीकडे.

गेल्या वर्षी मम्मीचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा. मग सुईत दोरा जाईना. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गोळी कायमची घ्यावी लागेल, थरथर कमी होईल, पूर्ण जाणार नाही.  येताना गाडीत जालना दिसायला लागल्यावर मम्मीने पदर उजव्या हातावर ओढून घेतला आणि म्हणाली, "गल्लीत सांगू नको. लोक आधी हाताकडं बघतील, मंग माझ्याकडं."

मी घरूनच काम करते. पुण्यातली कंपनी, सकाळपासून कानाला हेडफोन, संध्याकाळपर्यंत परक्या माणसांच्या तक्रारी. पप्पा बियाण्याच्या प्लांटमध्ये आहेत आणि दिवाळीच्या सुमाराला रब्बीचं बियाणं बाहेर पडत असतं, त्यामुळे ते घरात नसल्यासारखेच. म्हणजे मम्मीचा हात दिवसभर बघणारी मी एकटी. ती मला दाखवत नव्हती आणि मी बघितल्याचं दाखवत नव्हते. आमच्या दोघींचं असंच चालतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात करंज्या करत बसली होती. मम्मीच्या करंजीला हाताने घातलेली मुरड असते, दोरीला पीळ द्यावा तशी. गल्लीत कुणी साचा वापरतं, कुणी कातण फिरवतं. हाताची मुरड फक्त आमच्याकडे. त्या दुपारी तिच्या बोटांना ती कड पकडताच येत नव्हती. सारण परातीत सांडलेलं होतं. मला बघून तिने पीठ झाकलं.

"मैदा खराब निघाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच विषय काढला. "यंदा ऑर्डर देऊ. पण जुन्या जालन्यातून घे, इकडं सगळे वळखीचे आहेत. आन् करंज्या घेऊ नको. साच्यातली करंजी बघितली की कुणालाबी कळंल."

विकतचा फराळ घरचा म्हणून द्यायचा होता. ताटात उघडा ठेवला असता तर बायकांची नजर आधी चकलीच्या काट्यांवर गेली असती. बांधून दिला तर नजर बांधण्यावर जाईल, असं मी सुचवलं. मम्मीला ते पटलं. मला त्यात आणखी एक सोय दिसली होती, ती मी बोलले नाही. पुठ्ठ्याचा डबा परत घ्यायचा नसतो. म्हणजे दारात उभं राहायचं नव्हतं.

शाळेत क्राफ्टच्या तासाला आम्हाला असलं बरंच शिकवलं होतं. शिवाय परदेशातल्या बायकांचे व्हिडिओ मी बघत असते. त्या सणाला कुणाकडे गेल्या की त्या घरातल्या बाईसाठी काहीतरी छोटंसं घेऊन जातात, मुरंब्याची बरणी, बिस्किटं, आणि ते इतकं निगुतीने बांधलेलं असतं की उघडू नये वाटतं. मी भोकरदन नाक्याजवळून मिठाईचे कोरे डबे आणले. वर वह्यांना घालतो तो खाकी कागद. चमकी कागद नको होता, त्याने सगळं बारशासारखं दिसतं. मम्मीच्या एका जुन्या सुती साडीचे काठ कापून त्यांच्या पट्ट्या केल्या आणि रिबिनीऐवजी त्या बांधल्या. पट्टीखाली गाठीपाशी झेंडूचं एक फूल आणि आंब्याचं पान खोचलं. आत प्रत्येक पदार्थ बटर पेपरच्या वेगळ्या पुडीत.

लॅपटॉप बंद केला की हेच काम. खांदे भरून यायचे. मम्मी समोर बसायची. मी पट्टी ओढून धरली की म्हणायची, "दे, मी बोट ठेवते," आणि डाव्या हाताचं बोट गाठीवर दाबून धरायची. ते बोट अजिबात हलत नव्हतं. मी गाठ आवळायच्या आत ती ते अलगद काढून घ्यायची. आम्ही दोघी कितीतरी वेळ हे करत राहिलो.

सगळे डबे दिवाणावर मांडले तेव्हा तिने एक उचलून बघितला.

"इतकं चांगलं दिसून राह्यलं," ती म्हणाली, "खायचं धाडस तरी होईल का कुणाला?"

वाटप फार लवकर झालं. समोरच्या काकूंनी डबा हातात घेतला आणि ओरडल्या, "अगं बाई! कंपनीचं गिफ्ट का काय?" मग सवयीने आत वळल्या. "थांब, तुझं ताट देते."

"ताट नाहीये, काकू. डबा तुमच्याकडेच राहू द्या."

त्या अर्ध्या वळलेल्या तशाच थांबल्या. "बरं बरं," म्हणाल्या. प्रत्येक दारात थोड्याफार फरकाने हेच झालं. मी इतक्या लवकर घरी आले की मम्मीने विचारलं, "कोणी घरी नव्हतं का?"

त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायकांच्या स्टेटसवर आमचे डबे दिसायला लागले. कुणी दिव्याशेजारी ठेवून फोटो काढला होता, कुणी तुळशीपाशी. मी मम्मीला एकेक दाखवला. सगळ्यांनी लिहिलं होतं की पॅकिंग किती छान.

"खाल्लं का न्हाई कुणी?" तिने विचारलं.

त्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.

पाडवा गेला, भाऊबीज गेली. दोन घरांतून फराळ आला. एकीने कॅरीबॅगमध्ये बांधून फाटकाला अडकवला होता, एकीने मुलीच्या हाती पाठवला आणि ती मुलगी, मी असायची तशीच, देऊन पळाली. आत कुणी आलं नाही. रोज संध्याकाळी मम्मी साडी बदलायची, केस नीट करायची आणि दिवाणाच्या भिंतीकडच्या टोकाला बसायची. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग कळलं, तिथे बसलं की उजवा हात भिंतीच्या बाजूला जातो, समोरच्याला दिसत नाही. तिने बसायची जागा ठरवून ठेवली होती. हात कुणाला दिसू नये एवढंच तिला हवं होतं. बायका येऊ नयेत, असं ती कधीच म्हणाली नव्हती.

अंधार पडला की ती उठायची आणि म्हणायची, "सणात सगळ्या थकतात." मी हो म्हणायची. 

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चाची आल्या. चाची म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरातल्या, त्यांच्या घरी टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज आहे. दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो. त्या नेहमी मागच्या दाराने, हाक न मारता येतात. मम्मी ओट्यापाशी स्टुलावर बसली होती, मी भांडी पुसत होते.

"क्या भाभी, दुकान टाकलं का घरात?" चाची म्हणाल्या. "मैं तो डब्बा खोलने को डरी. वाटलं, कुणाच्या लग्नाचं आलं."

"पोरीनं केलं, आपा," मम्मी म्हणाली. "हौस तिला."

"हौस ठीक है. करंज्या कुठंयत?"

"यंदा केल्या न्हाईत."

"का?"

"मैदा बराबर निघाला न्हाई."

"सगळ्या जालन्यात मैदा खराब निघाला का?" चाची उभ्याच होत्या. "चकलीत ओवा न्हाई. चिवड्यात साखर. तुमच्या घरच्या चिवड्यात साखर कधी असती? तो तुमचा न्हाईच. मला येडी समजल्या का?"

मम्मीने पदर हातावर ओढला. मी पुसलेली वाटीच परत पुसायला लागले.

चाचींचा आवाज एकदम उतरला. "माझं काय चुकलं ते सांगा. ईदला माझा शीरखुर्म्याचा डबा या पोरीच्या हाताने परत आला, तुम्ही आल्या न्हाईत. आता हे. डबाबी असा दिला की परत द्यायला यायचं कामच न्हाई. म्हणजे येऊ नका, असंच ना? समोरच्या वहिनीबी हेच म्हणत होत्या. पोरगी कंपनीत लागली, आता यांना कुणाची गरज न्हाई म्हणे."

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण अशा वेळी माझ्या तोंडून मराठीही येत नाही आणि इंग्रजीही.

 मम्मीने पदराखालून हात काढला आणि ओट्यावर ठेवला. थांबवायचा प्रयत्न केला नाही. बोटं ओट्याच्या फरशीवर बारीक आवाज करत हलत राहिली. मीसुद्धा तो हात असा उघड, इतका वेळ कधी बघितला नव्हता.

चाची हाताकडे बघत राहिल्या.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून."

"दवाखाना?"

"चालू आहे. गोळी आहे."

"हां," चाची म्हणाल्या आणि आता कुठे खाली बसल्या, सरळ फरशीवर, भिंतीला टेकून. "बस इतनाच? मला वाटलं तुम्ही नाराज झाल्या. मी चार दिवस झोपले न्हाई नीट." मग त्यांना राग आला. "सांगायला काय झाल्तं?"

"किती जणींना सांगू?" मम्मी म्हणाली. "एकीला सांगितलं की दुसरीला सांगा. परत तेच, परत तेच. बोलायचाच कंटाळा येतो, आपा."

"मी सांगू?"

 मला वाटलं मम्मी नाही म्हणेल.

"सांगा," ती म्हणाली. "पण रडत सांगू नका."

"मैं कायको रोऊं? मरून राह्यल्या का तुम्ही?"

मम्मी हसली. त्या दिवाळीत ती पहिल्यांदाच हसली असावी.

चाचींनी काम चोख केलं. संध्याकाळपासून बायका यायला लागल्या. मम्मी म्हणाली होती तसंच झालं, प्रत्येकीने आधी हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे. प्रत्येकीकडे एक उपाय होता. कुणी अश्वगंधा सांगितलं, कुणी तिळाच्या तेलाने मालिश, कुणाच्या परतूरच्या मामांना अगदी असंच झालं होतं आणि ते आता सायकल चालवतात. मम्मी दिवाणाच्या मधोमध बसून सगळ्यांना उत्तरं देत होती. मी चहा करून करून दमले. शेवटच्या बाई गेल्या तेव्हा तिचा चेहरा अगदी उतरला होता.

"उद्या कुणी आलं तर सांग, झोपली म्हणून," ती म्हणाली आणि खरंच आत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, माझी जेवणाची सुट्टी चालू असताना, समोरच्या काकू आल्या. हेडफोन माझ्या गळ्यातच होता. मी दार अर्धं उघडलं.

"मम्मी झोपलीये, काकू."

"झोपू दे की. मी काय तिला उठवायला आले?" काकूंनी चपला काढल्या आणि माझ्या बाजूने आत येऊन दिवाणावर बसल्या. "ऊन लई आहे बाहेर. बसते जरा."

मी समोर खुर्चीवर बसले. पंख्याचा आवाज येत होता. काकूंनी घरभर नजर फिरवली आणि शेवटी माझ्यावर आणून ठेवली.

"तू दिवसभर काय काम करती गं त्या लॅपटॉपवर? खरं सांग. आम्हाला कुणालाच कळत न्हाई."

 मग मी सांगायला लागले. लोक फोन करतात, काकू, आणि भांडतात, आणि मी त्यांचं सगळं ऐकून घेते.

"पगार देतात त्याचा?" काकू म्हणाल्या. "मंग मी तर फुकटच करून राह्यले इतकी वर्षं."

मी हसले, जरा मोठ्याने. आत पलंग करकरला.

"कोण आलंय गं?" मम्मीने विचारलं. तो आवाज झोपेतून उठलेल्या माणसाचा नव्हता.