पोट आत ओढू नका

शिंपीमास्तरांसमोर मापाला उभं राहिलं, की गिऱ्हाईक हमखास पोट आत ओढायचं. मग मास्तर टेप खाली सोडून खेकसायचे, "अहो, पोट सैल सोडा! मला फसवाल, पण शर्टाला कसं फसवाल?"

मास्तरांना मधुमेह निघाला, तेव्हा सुनेने त्यांना मोबाईलवर मधुमेहींच्या ग्रुपात घातलं. हा किस्सा सांगून त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना हसवलं. तिथे रोज सकाळी जो तो आपली उपाशीपोटीची साखर लिहायचा. मशीन काहीही दाखवो, मास्तर लिहायचे एकशेदहा. या वयात कुणाची बोलणी कोण खाणार?

एका सकाळी बेकरीवाल्या बाईंनी लिहिलं, "माझी दोनशे नव्वद. एवढं पथ्य पाळूनही! तुम्हा सगळ्यांचे आकडे बघून मला माझीच लाज वाटते. उद्यापासून मी ग्रुपात नसेन."

मास्तरांची कात्री कापडातच थांबली. त्या आकड्यांत त्यांचाही एकशेदहा होता. चष्मा वर सरकवून त्यांनी एका बोटाने लिहिलं, "ताई, माझी आज तीनशे चार आहे. एकशेदहा कधीच नव्हती. मी खोटं लिहायचो. जाऊ नका."

मास्तरांनी दोनदा फोन पालथा घातला आणि दोनदा उलटून पाहिला.

मग बाईंचं उत्तर आलं, "मास्तर, सोडलंत ना एकदाचं पोट सैल? मग मीही थांबते."