लोखंडी स्टूल आणि नसलेला ज्वालामुखी

निहार, ईरा, तुमचे आजोबा जाऊन दीड महिना होईल. तुमचा बाबा आमचं अबुधाबीचं घर आवरायला येतोय. काल फोनवर म्हणाला, "आई, ते लोखंडी स्टूल भंगारात देऊन टाक." म्हणून आजच लिहायला बसले.

गेल्या हिवाळ्यात आजोबांनी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं, की आम्ही ज्वालामुखीचं तोंड बघायला चाललोय. शारजाच्या वाळवंटात खडकांचं संग्रहालय आहे, एवढंच त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. आधी चौकशी करून जावं, हे त्या माणसाला जन्मात जमलं नाही. तिथल्या मुलीने समजावलं, की अंकल, इथे तोंड वगैरे नाही. समुद्राच्या तळाशी तप्त रस थिजला, पुढे तोच वर उचलला जाऊन हे डोंगर झाले. आजोबांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि मला मराठीत म्हणाले, "नवीन आहे बिचारी. आपण वर जाऊन बघू."

वर म्हणजे डोंगरासमोरचा सज्जा. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी आजोबांनी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये हे घडीचं स्टूल स्वतः वेल्डिंग करून बनवलं होतं. दुकानात हलकं मिळतं, असं मी कितीदा सांगितलं. "ते डुगडुगतं. खलास," एवढंच उत्तर. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि हे महाशय ते धूड खांद्यावर टाकून चढण चढायला लागले.

"अहो, वर बाक असेल."

"त्याला पाठ नसते."

"मग तुमच्या स्टुलाला कुठे आहे?"

त्यांनी स्टूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढे निघाले. वर पोचले तेव्हा धाप लागलेली, पण स्टूल आधी जमिनीवर दाबून पाहिलं, मग मला बसवलं आणि स्वतः कठडा धरून उभे राहिले. समोर काळेभोर डोंगर... मी विचारलं, तोंड कुठंय? म्हणाले, वाळूने बुजलं असणार. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "तुला बसून नीट दिसतंय ना?"

दिसत होतं. सगळं दिसत होतं.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचं हृदय झोपेतच थांबलं. त्या स्टुलाच्या ओझ्याने का, हेही डॉक्टरांना विचारून झालंय; नाही म्हणाले. चिडायला मात्र आता समोर कोणी नाही, हेच मला खपत नाही.

बाबाला कळवलंय, भंगारवाला बोलवू नकोस. स्टूल स्वयंपाकघरात ओट्यापाशी आहे. त्यावर बसूनच हे लिहिलं. अजून तेवढंच जड आहे, आणि डुगडुगत नाही.