बोटं सांभाळ

इंग्लंडातल्या बर्नलीच्या कापडगिरणीत बायका ओठांनी बोलत. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येणार? तोंड भलं मोठं उघडून शब्द दाखवायचा, समोरचीनं तो वाचायचा.

शनिवारी बेसीनं तीन मागांपलीकडून मैत्रिणीला, ॲनिस हॉवर्थला विचारलं, "सोमवारी फुटबॉलच्या गोलात उभी राहतेस ना? आईला काय थाप मारलीस?"

"मावशीकडे चहाला जाते म्हणून."

"बोट मोडलं तर मावशी चावली म्हणून सांग."

ॲनिसला हसू आलं नाही. वडील युद्धातून परतले नव्हते, आईचे हात मागावर राबून संधिवातानं आखडलेले. घर चालायचं ते ॲनिसच्या दहा बोटांवर. मोडक्या बोटानं तुटला धागा कसा बांधणार?

एकोणीसशे एकवीसचा ईस्टरचा सोमवार. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी बायकांचा फुटबॉल सामना. ॲनिसनं मैदानात पाऊल टाकलं. माणसंच माणसं, छपरांवरसुद्धा चढलेली. खडखडाटाची तिला सवय होती. पण हा आवाज तिच्याकडे बघत होता. ती चेंडू अडवायची तो डोळे मिटूनच.

बरोबरी असताना, अगदी शेवटाला, पंचानं पेनल्टी दिली. चेंडू चिखल पिऊन दगड झालेला. मारणारी लोखंडाच्या कारखान्यातली, मांड्या खांबासारख्या. ॲनिसनं नजर चुकवली, आणि गोलाशेजारी दोरामागं तिला काळी शाल दिसली.

आई.

चेंडूची भीती जास्त की आईची, ॲनिसलाच कळेना. आईनं तोंड उघडलं. त्या गदारोळात आवाज पोचणं शक्यच नव्हतं, पण शब्द पोचले.

"मावशी बरी आहे का?"

मारणारी धावत निघाली. आईचे ओठ पुन्हा ताणले गेले. "मुठी. मुठी आवळ. बोटं आत."

ॲनिसनं दोन्ही मुठी पुढं झोकल्या. चेंडू आदळला, खांदे उखडल्यासारखे झाले, आणि तो गोलावरून पार गर्दीत गेला.

घरी जाताना आई पुढं, ॲनिस मागं. आईचे ओठ मिटलेले. पेनल्टीलाही ॲनिस इतकी भ्यायली नव्हती. स्वयंपाकघरात आईनं तिचे हात ओढले आणि एकेक बोट वाकवून पाहिलं.

"तुला कुणी सांगितलं?" ॲनिसनं विचारलं.

"अख्ख्या गिरणीनं. तीन मागांपलीकडून गुपितं सांगता होय गं? सगळ्यांना डोळे आहेत."

"मग, पुढच्या वेळी जाऊ नको?"

"आधी मुठी आवळायला शीक. अंगठा बाहेर राहतो तुझा."

डिसेंबरात फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी फर्मान काढलं: हा खेळ बायकांना शोभत नाही, त्यांना मैदानं देऊ नका. ॲनिसनं पेपरातली बातमी आईला दिसेल अशी, गिरणीतल्यासारखे ओठ ताणून वाचली. भीती वाटायलासुद्धा आता गोल उरला नव्हता.

आईनं त्या साहेबांच्या नावानं बोटं मोडायला घेतली. आखडलेली ती, एकही वाजेना.

"तू मोड," ती म्हणाली.

ॲनिसनं दहाही मोडली.