भाजलेलं बी

जाईबाईच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती: बी दाताखाली धरून पाहणारी आणि बी कागदावर पाहणारी. दुसऱ्या प्रकारच्यांशी बोलण्याआधी ती पानाची पिंक टाकून घेई.

अकोल्याजवळच्या एका सरकारी फार्मवर ती रोजंदारीनं निंदण करी, पावसाळ्यात कोठीतलं बी निवडी. स्वतःची जमीन हातभरही नव्हती. पण फार्मच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तिनं काळ्या वालाच्या दोन ओळी जगवल्या होत्या. आईकडचं बी. कोठीतल्या तुरीचं श्रावणात पीठ व्हायचं, हरभऱ्यावर बुरशी चढायची. जाईबाईच्या वालाला मात्र ना भुंगा लागे ना बुरशी. दाण्यातच काहीतरी होतं. कच्चा खाल्ला तर माणसाचंही पोट बिघडे. भिजवून, पाणी फेकून, खळखळ उकळला की मऊसूत होई.

अठ्ठावन्न साली तिनं हे नव्या अधिकाऱ्यांना, वामनरावांना सांगितलं. वामनराव शेतीचे साहेब, पण बुटाला चिखल लागला की त्यांचा दिवस वाया जाई.

"बाई, सिद्ध करावं लागतं," ते म्हणाले. "सगळं बी आणून दे. टिकलं तर पुढच्या साली अर्धा एकर लावू. नाही टिकलं, तर धुरा साफ."

अर्धा एकर! जाईबाईनं घरातलं गाडगं आणून रिकामं केलं, धुऱ्यावरच्या वाळल्या शेंगाही तोडून दिल्या.

तिसऱ्या दिवशी ती कोठीबाहेर तूर पाखडत होती, तर साहेबांच्या खोलीतून खमंग वास आला. फुटाण्याच्या भट्टीवर येतो तसा. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"साहेब, माह्या वालाले भाजून काहून राहिले?"

"भाजत नाही. दाण्यात आधीची अंडी असतील तर मरायला हवीत. विजेच्या भट्टीत दोन तास. हे शास्त्र आहे."

"सारंच टाकलं?"

"सारंच. अर्धवट काम मला चालत नाही."

"अहो, दाणाच मेला ना! जिता दाणा भुंग्याशी भांडते. मेलेला काय भांडन?"

साहेबांनी दार लावून घेतलं. जाईबाई पाखडता पाखडता रडली, आणि असल्या माणसापायी रडू आलं याचाच तिला जास्त राग आला.

साहेबांनी ते दाणे बरण्यांत भरून वर भुंगे सोडले; महिन्याभरात भुंग्यांनी त्या वालाची चाळण केली. साहेबांनी लिहिलं: वाण कीडग्रस्त. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी त्यातलंच ओंजळभर बी कुंडीत पेरलं आणि आठ दिवस शिपायाकडून पाणी घालून घेतलं. कोंब येईना, तेव्हा खाली आणखी एक ओळ लिहिली: उगवणशक्तीही नाही. भट्टीतून काढलेलं बी उगवायची वाट पाहणाऱ्याला सरकार पगार देतं, हे जाईबाईनं पुढं आयुष्यभर लोकांना सांगितलं. धुऱ्यावर वखर फिरला. उरलेली पिशवी साहेबांनी तिच्यापुढं टाकली, "ने, उसळ कर."

तिनं उसळ केली नाही. पिशवी खुंटीला टांगली आणि रेल्वेनं धामणगाव गाठलं. पहिल्या काढणीची ओंजळ बहिणीकडं पाठवायची, ही त्यांच्या घरची रीत. एकीचं बुडालं तरी दुसरीकडं बी राहतं. धाकट्या दुर्गाबाईच्या मडक्यात मूठभर निघालं. तेवढ्यावर जाईबाईच्या घराचा काटक्यांचा कूड वेलांनी भरला.

सात वर्षांनी वामनराव तिच्या दारात उभे राहिले. "जाईबाई," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं. "काही दाण्यांत एक प्रथिन सापडलंय. कीड ते खाते आणि तिला अन्नच पचत नाही. बुरशीवरही असंच काही चालत असावं. फक्त उष्णतेनं ते..."

"मरते," जाईबाई म्हणाली. "सांगतलं होतं तुमाले."

"ओंजळभर बी हवं होतं."

तिनं पिंक टाकली, आत जाऊन खुंटीवरची पिशवी आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. आत भुसा होता आणि पोखरलेली टरफलं.

"हे नको. कुडावरचं दे."

"ते जितं हाये, साहेब. जितं कोणतं अन् मेलेलं कोणतं, हे ज्याले समजत नाही, त्याच्या हाती मी बी देत नाही."

तिनं दार लावून घेतलं.